१७ सुरू, ६ पूर्ण, आणि रात्री तीन लाख शब्दांची फॅनफिक

तुझा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या मुलीच्या वयाची दिसतेस म्हणून 'तू'च म्हणते, चालेल नं? थोडक्यात तुझं म्हणणं असं की जानेवारीपासून १७ पुस्तकं सुरू केली, त्यातली ६ संपली, ११ कुठं ना कुठं अडकून पडली, आणि त्याच काळात फोनवर चाळीसेक फॅनफिक (दुसऱ्याच्या पुस्तकातली नाहीतर सिरीयलमधली माणसं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा) मात्र शेवटपर्यंत वाचल्या, त्यातली एक तर तीन लाख शब्दांची, नऊ रात्रींत. आता तुला तीन गोष्टी हव्या आहेत: माझं वाचन बिघडलं का, फॅनफिक वर्षाच्या हिशोबात धरायच्या का, आणि ती ११ पुस्तकं शिस्तीत बसून संपवायची का.

मी नागपूरच्या प्रतापनगरात २२ वर्षांपासून वर्गणीवर चालणारी छोटी लायब्ररी चालवते. दोन खोल्या, एक कूलर, आणि लोखंडी रॅकवर मावतील तेवढी पुस्तकं. फॅनफिकची सवय मुलीमुळे लागली, आठ-नऊ वर्षं झाली त्याला, आणि तिनं सोडली पण मी नाही. त्यामुळे दोन्ही बाजूचं थोडंफार कळतं मला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तूच देऊन बसली आहेस. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' इंग्रजीत साडेपाच लाखांच्या वर शब्दांचं आहे. म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त मजकूर तू नऊ रात्रींत वाचलास, तोही दिवसभर ऑफिस करून. ज्या माणसाचं लक्ष टिकत नाही त्याला हे जमत नसतं बापा. 'मोबाईलनं तुमची एकाग्रता खाल्ली' हे जे सगळे तुला सांगून राहिले नं, ते तुझ्या बाबतीत तरी खरं दिसत नाही. लांब वाचायला तुला अजूनही येतं. अडतंय ते दुसरीकडंच.

कुठं, ते सांगायला जरा लायब्ररीत यावं लागेल. पुस्तक परत आलं की मी ते झटकते, ही जुनी सवय. आतून काय काय पडतं, विचारू नको. बसचं तिकीट, विजेचं बिल, मंगल कार्यालयातली अक्षत, एकदा तर औषधाची अख्खी पट्टी, दोन गोळ्या शिल्लक असलेली. लोक वस्तू विसरतात पण वस्तू ज्या पानात असते ते पान खोटं बोलत नाही. वाचक काउंटरवर म्हणतो, 'छान होतं', आणि तिकीट असतं पान ३८ वर. मी काही बोलत नाही, पण इश्यू रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं बारीक आकडा लिहून ठेवते. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली की लोक पुस्तकं कुठंही सोडत नाहीत, ठरावीक जागीच सोडतात. सुरुवातीच्या पन्नासेक पानांत सोडतात, मध्ये कुठंतरी सोडतात, आणि थोडे लोक अगदी शेवटाला येऊन सोडतात. तिन्हीची कारणं वेगळी, आणि 'अर्धवट' या एकाच शब्दात तिन्ही कोंबले की मग तुझ्यासारखं होतं, सगळ्या ११ पुस्तकांबद्दल सारखंच अपराधी वाटायला लागतं.

सुरुवातीचं घे. कादंबरीची पहिली पन्नास पानं म्हणजे अनोळखी लग्नघरात शिरण्यासारखं असतं. कोण कोणाचा मामा, कोणाशी कोण बोलत नाही, जेवण कुठं, काही माहीत नसतं, आणि तरी चेहरा हसरा ठेवून बसायचं असतं. 'वॉर अँड पीस' सुरूच होतं १८०५ सालच्या एका मेजवानीत, पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यात, माणसांवर माणसं येऊन राहतात, प्रत्येकाला नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि वरून लाडाचं नाव, आणि लेखक तिन्ही-चारी आळीपाळीनं वापरतो. तू मराठी अनुवाद पान ४० वर सोडलास असं लिहिलंस. पान ४० म्हणजे तू अजून चपला काढत होतीस गं.

फॅनफिकमध्ये हे लग्नघर तुझंच असतं. माणसं ओळखीची, घराचा नकाशा पाठ, कोणाला काय बोचतं तेही माहीत. लेखिकेनं फक्त सांगायचं की समजा त्या रात्री तो निघून गेलाच नसता तर, आणि पहिल्या ओळीपासून तू आत. वरून टॅग असतात, शेवट गोड की कडू हे आधीच कळतं, शब्दसंख्या दिसते, पूर्ण आहे की चालू आहे तेही दिसतं. म्हणजे पुस्तक जे काम पहिल्या पन्नास पानांत तुझ्याकडून करून घेतं, ते काम तिथं आधीच झालेलं असतं, कोणीतरी दुसऱ्या पुस्तकात किंवा सिरीयलमध्ये करून ठेवलेलं. यात कमीपणा काही नाही. पण चाळीस वेळा ओळखीच्याच घरात जेवल्यावर अनोळखी घरात अवघडायला होतं, एवढं मात्र खरं, आणि तुझं वाचन बिघडलंय असं तुला जे वाटतं नं, ते माझ्या मते एवढंच आहे. लांब वाचायची सवय शाबूत आहे, ओळख करून घ्यायची सवय जरा गंजली आहे.

आता यावरचा उपाय, जो मी काउंटरवर कित्येकांना सांगितला. सिएटलच्या लायब्ररियन नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आहे, पन्नाशीपर्यंतच्यांनी कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्यावीत, त्यात नाही जमलं तर खुशाल सोडावं, आणि पन्नाशी ओलांडली की १०० मधून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं. माझं वय ५६, म्हणजे मला ४४ पानांत सुटका. नियम मला आवडतो पण त्यात एक गोष्ट राहून गेली असं मला अनुभवानं वाटतं, ती म्हणजे ही ५० पानं किती बैठकींत वाचायची. तू लिहिलंस की पुस्तकं तू मेट्रोत वाचतेस, ऑरेंज लाईननं खापरीला जाताना-येताना, आणि फॅनफिक रात्री अंथरुणात. इथंच मेख आहे बघ! मेट्रोत तुला सलग किती पानं मिळतात, आठ? दहा? त्यात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, अर्धा डबा उतरतो, अर्धा चढतो, धक्के खात तू जागा शोधतेस. म्हणजे ज्या पानांना सगळ्यात जास्त निवांतपणा लागतो ती तू सगळ्यात वाईट जागी, तुकड्या-तुकड्यांत वाचून राहिली आहेस, आणि जी फॅनफिक कुठंही चालली असती तिला घरातला सगळ्यात शांत वेळ. अदलाबदल कर. नवं पुस्तक रविवारी दुपारी घे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि पहिली पन्नास-साठ पानं एका बैठकीत वाच, फार तर दोन. ओळख झाली की मग तेच पुस्तक मेट्रोत ने, धक्के खातही चालतं ते. फॅनफिक मेट्रोला ठेव. एओथ्रीवर, म्हणजे तू फॅनफिक वाचतेस त्या साइटवर, डाउनलोडचं बटण असतंच, ईपब (ई-पुस्तकाची फाईल) करून घेतलं की नेटचीही भानगड नाही.

रशियन नावांसाठी आमच्याकडं साधा जुगाड आहे, मी पुस्तकाच्या मापाचा जाड कागद कापून देते, त्यावर वाचकानं स्वतःच्या हातानं नावं लिहायची, कोण कोणाचं. तयार यादी छापून देऊन बघितली होती मी एकदा, तिचा काही उपयोग होत नाही. हातानं लिहिलं तरच डोक्यात बसतं.

मध्ये सोडलेल्यांचं वेगळं असतं. तिथं बहुतेक वेळा पुस्तकाचा दोष नसतो आणि वाचकाचाही नसतो, घरात कोणीतरी आजारी पडतं, मार्च एंडिंग येतं, पोरांच्या परीक्षा येतात, आणि पंधरा दिवसांनी पुस्तक उघडलं की आपण कुठं होतो तेच आठवत नाही. पण कधीकधी मध्येच एक उंबरठा असतो आणि तिथं ठेच लागते. तुझं 'मृत्युंजय' तसंच दिसतं. कर्ण बोलत होता तोवर तू धावत होतीस आणि कुंती बोलायला लागली तशी थांबलीस, हे तूच लिहिलंस, फक्त त्याचा अर्थ तुझ्या लक्षात आला नाही. त्या कादंबरीत निवेदक बदलत जातात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. तू पुस्तकाला कंटाळली नाहीस, तुला कर्णाचा आवाज सोडवेना. गंमत म्हणजे फॅनफिकमध्ये तू हे रोज करतेस, एक प्रकरण ह्याच्या नजरेतून, दुसरं तिच्या, तिथं वर नाव लिहिलेलं असतं म्हणून तुला दचकायला होत नाही. कुंतीपासून परत सुरू कर, मागचं काही वाचू नको. कथा तुला आधीच माहीत आहे, महाभारत कोणाला माहीत नसतं!

आणि शेवटाला सोडलेलं ते छोटं पुस्तक, वीसच पानं उरलेली. याच्याबद्दल तू सगळ्यात जास्त लाजत लिहिलंस, 'वीस पानं पण वाचवली नाहीत मला'. माझ्याकडं एक रिटायर्ड काका येतात, कोलफिल्ड्समधले, ते कुठलंही आवडलेलं पुस्तक शेवटचं प्रकरण ठेवून परत करतात आणि सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा नेतात. विचारलं तर म्हणाले, 'संपलं का मंग जीव लागत नाही मॅडम.' तुझं तसं असेल तर त्या पुस्तकाला अर्धवट म्हणूच नको. आणि तसं नसेल, नुसतं राहून गेलं असेल, तर आज रात्री वाचून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे, माझं उत्तर वाचण्यापेक्षा थोडंच जास्त.

उरलेली आठ झटपट. सवयी बदलण्याचं ते इंग्रजी पुस्तक पान ९० ला सोडलंस, माझ्या मते ते संपलेलं आहे, असल्या पुस्तकांत जे सांगायचं असतं ते पहिल्या तीन प्रकरणांत सांगून होतं, पुढं उदाहरणं. ग्रेसांच्या कवितांचं पुस्तक तू अर्धवटच्या यादीत का टाकलंस मला कळलं नाही. नागपूरची असून? ग्रेस कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून 'संपवत' नसतं, ते उशाशी ठेवायचं आणि संध्याकाळी कधीतरी एक पान. यादीतून काढ ते. सहकाऱ्यानं भेट दिलेली ती पुरस्कारवाली कादंबरी तुला पान २२० पर्यंत आवडली नाही, २२० पानं म्हणजे तू भेटीची परतफेड व्याजासकट केलीस, पुरे. खुनाच्या मालिकेतला तिसरा भाग राहू दे, पहिल्या दोनांतच लेखकाची पद्धत कळली की तिसऱ्यात कंटाळा येणं हे चांगल्या वाचकाचं लक्षण आहे. बाकी चार तू नुसतीच ऑफर होती म्हणून घेतलीस आणि दहा-दहा पानं चाळलीस, ती सुरू केलीच नाहीत असं धर. म्हणजे खरा हिशोब ११ चा नव्हताच, तीनचा होता, त्यातलं एक वीस पानांचं.

'पण सोडणं म्हणजे हार नाही का' असं एक वाक्य तुझ्या प्रश्नात होतं. यावर मीच एकदा मोठी चूक केली आहे. बी.लिब., म्हणजे लायब्ररीची पदवी, करताना रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम घोकले होते, १९३१ सालच्या पुस्तकातले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा. घोकला आणि विसरले. लायब्ररीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक इंजिनीअरिंगचा मुलगा यायचा, आठवड्याला दोन-दोन पुस्तकं न्यायचा, मी कौतुकानं त्याला एक जाडजूड, नावाजलेली कादंबरी दिली आणि वरून सांगितलं, अर्धवट परत आणायची नाही हं. तो बिचारा तीन महिने तीच रिन्यू करत राहिला. दुसरं काही नेईना, कारण ही संपली नव्हती. मग यायचाच बंद झाला. पुस्तक शेवटी त्याची आई आणून देऊन गेली, आणि आत मेसचं कुपन होतं, पान ६१ वर. तेव्हापासून मी कोणालाही 'संपव' म्हणत नाही.

पण यात एक अडचण आहे आणि ती सांगितली पाहिजे. हे सगळं आवडीच्या वाचनाला लागू. तू एम.ए.ला असतीस, किंवा स्पर्धा परीक्षेचं वाचत असतीस, तर मी असं बोलले नसते, तिथं आवडो न आवडो वाचावंच लागतं. तसंच फॅनफिकही अर्धवट सुटत असत्या, सिरीजही दुसऱ्या एपिसोडला बंद होत असती, तर मी म्हटलं असतं की प्रश्न वाचनाचा नाही, तू दमली आहेस, आधी झोप. आणि झोपेवरून आठवलं, नऊ रात्रींत तीन लाख शब्द म्हणजे तू रोज किती वाजता झोपलीस हे तू सोयीस्करपणे लिहिलेलं नाहीस. ते तुझं तू बघ.

आता फॅनफिक हिशोबात मोजायच्या का. मोज. आपल्या भागात बसून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं, कारण नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेकला आपण कालिदासाचं स्मारक बांधून ठेवलं आहे, आणि कालिदासानं 'शाकुंतल'मध्ये काय केलं? महाभारतात दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो भर दरबारात शकुंतलेला ओळख देत नाही. कालिदासाला ते खटकलं असणार. मग त्यानं दुर्वासांचा शाप आणला, अंगठी आणली, मासा आणला, आणि राजा दोषातून सुटला. फॅनफिकच्या भाषेत याला 'फिक्स-इट' म्हणतात, मूळ कथेतलं बोचणारं दुरुस्त करून लिहिणं. (राजाला इतकं सहज सोडायला नको होतं असं माझं मत आहे, पण ते जाऊ दे.) आपले मोरोपंत बघ, एकाच रामकथेवर १०८ रामायणं लिहिली त्यांनी, आणि प्रत्येकात काहीतरी वेगळी अट, निरोष्ठ रामायणात तर ओठ मिटावे लागतील असं अक्षरच येऊ द्यायचं नाही, म्हणजे प-फ-ब-भ-म बाद. आजची कुठली फॅनफिकवाली इतकी कडक अट घेऊन लिहिते, सांग! आणि तिकडचं म्हणशील तर ज्या एओथ्रीवर तू वाचतेस, त्या साइटला २०१९ मध्ये ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार मिळाला, जाहिरात नाही, नफा नाही, स्वयंसेवक आणि देणग्यांवर चाललेली.

मोज, पण वेगळ्या रकान्यात मोज. फॅनफिक हलकी म्हणून नाही. एकत्र मिसळल्या तर वर्षाअखेरीला ४६ आकडा दिसेल, खूश होशील, आणि नव्या माणसांशी ओळख सहाच वेळा झाली हे त्यात झाकून जाईल. मी वहीत तीन रकाने करते: नाव, कितव्या पानावर आहे किंवा सोडलं, आणि का, तेही चार शब्दांत. 'का'मध्ये 'बोअर' लिहायला मनाई, ते काही कारण नाही झालं. 'नावं कळेनात', 'आईचं ऑपरेशन', 'निवेदक चिडका', असं लिहायचं. पाच-सहा महिन्यांनी मागं बघितलं की आपल्याला कुठं ठेच लागते ते दिसतं. मला आत्ता या वयात कळलं की ज्या कादंबरीत तीनपेक्षा जास्त पिढ्या येतात ती मी हमखास सोडते, तोवर उगाच लेखकांना नावं ठेवत होते.

राहिल्या तुझ्या त्या दोन फॅनफिक, ज्या तू सोडल्या नाहीत, लेखिकेनंच सोडल्या. एक १८/? वर (अठरा प्रकरणं आली, एकूण किती ते माहीत नाही) अडकलेली, दुसरी तर अनाथ केलेली, म्हणजे लेखिकेनं आपलं नावच काढून घेतलं आणि कथा तिथं ठेवून निघून गेली. याचा राग येतो, मला कळतं. पुस्तक आपण टाकतो, इथं आपल्याला टाकलेलं असतं. माझीही एक आहे, ३१ प्रकरणांवर थांबलेली, एकतिसाव्याच्या शेवटी दोघं पावसात फाटकाशी उभे आहेत आणि आत कोण आहे ते अजून कळलेलं नाही, सहा वर्षं झाली त्या पावसाला. मुलगी म्हणते, आता तूच लिही पुढचं. मी दोन वर्षांपूर्वी खाली कमेंट टाकली होती, 'पुढचं कधी' असं विचारलं नाही, ते कधीच विचारायचं नसतं, लिहिणारी पण कुठंतरी नोकरी करून, पोरं सांभाळून फुकटात लिहीत असते. फक्त लिहिलं की फाटकाचा प्रसंग मी तीनदा वाचला. उत्तर आलं चार महिन्यांनी, एका ओळीचं, थँक्यू, हे वाचून फाईल परत उघडली. प्रकरण काही आलं नाही. तुझी १८/? वाली चालू असेल तर सबस्क्राइब करून ठेव, ईमेल येतो, आणि डाउनलोड करून ठेव, कारण लिहिणारीला वाटलं तर ती कथा काढूनही टाकू शकते, तो तिचा हक्क. पुढच्या वेळी मन घट्ट नसेल तर फिल्टरमध्ये 'फक्त पूर्ण झालेल्या' निवडत जा. मी तसं करत नाही, पण ती माझी खोड आहे.

माझा या वर्षीचा आकडा विचारशील तर पुस्तकं ३१ सुरू, १४ पूर्ण, आणि सोडलेल्यांपैकी सहा तर त्या पिढ्यांमुळेच. फॅनफिक मोजते पण सांगत नाही, लायब्ररीत येणारे पण हे वाचत असतात.

बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर 'मृत्युंजय' घेतलंस असं लिहिलंस नं? मग उघडून बघ, आधीच्या मालकाची खूण आत कुठल्या पानावर आहे ते.